व्यसनमुक्तीनंतरची उपजीविका : अमेरिकेतील प्रयोगांचा इतिहास (१९३५–१९७९)

१. प्रश्नाचे स्वरूप

व्यसनाच्या इतिहासाचे लेखन मुख्यत्वे दोन अंगांनी होत आले आहे. कायद्याच्या अंगाने पाहणाऱ्यांनी बंदीचे, शिक्षेचे व चोरट्या व्यापाराचे वृत्त दिले. वैद्यकाच्या अंगाने पाहणाऱ्यांनी रोगाच्या उपपत्तींचे व औषधोपचारांचे. या दोन प्रवाहांच्या मध्ये एक साधा प्रश्न बाजूला पडला. उपचार संपवून रुग्णालयाच्या दाराबाहेर पडलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी जावे कोठे, आणि खावे काय? व्यसन सुटलेल्या माणसाला काम कोण देणार, कोणत्या अटींवर देणार, आणि ते त्याच्या उपचाराचे अंग मानावयाचे की उपचाराचे फळ, या प्रश्नाला स्वतःचा असा इतिहास आहे. तो रुग्णालयांच्या अहवालांत, पालिकांच्या नियमांत व न्यायालयांच्या निकालपत्रांत विखुरलेला असल्यामुळे सलग असा क्वचितच वाचावयास मिळतो.

प्रस्तुत निबंधात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील या इतिहासाचा एक खंड विचारासाठी घेतला आहे. १९३५ साली केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे उघडलेल्या सरकारी संस्थेपासून या खंडाचा आरंभ होतो, आणि १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालापाशी तो थांबतो. या चव्वेचाळीस वर्षांत व्यसनमुक्ताच्या श्रमाला तीन निरनिराळी स्थाने देण्यात आली. प्रथम श्रम हे भिंतींच्या आतील औषध मानले गेले. नंतर ते बरे झाल्याचे प्रमाणपत्र ठरले. आणि अखेरीस, बरे होणे शक्य व्हावे म्हणून आधीच पुरवावयाची गोष्ट असा त्याचा विचार सुरू झाला. या तीन कल्पनांमधील अंतर वरवर सूक्ष्म वाटते. परंतु एखाद्याला काम मिळणे वा न मिळणे याच अंतरावर अवलंबून राहिले.

२. पूर्वपीठिका

व्यसन सोडणाऱ्याला काम मिळवून द्यावे ही जाणीव अमेरिकेत जुनी आहे. १८४० साली बाल्टिमोर शहरातील एका मद्यगृहात सहा मद्यपींनी एकत्र येऊन दारू सोडण्याची शपथ घेतली. त्यांतून निघालेली ‘वॉशिंग्टनियन’ चळवळ थोड्याच वर्षांत देशभर पसरली. नव्याने शपथ घेणाऱ्याला कपडे, निवारा व काम मिळवून देणे हा या मंडळांच्या कार्याचा एक भाग होता. स्वतः त्या अवस्थेतून गेलेल्या कारागिरांना व मजुरांना हे सांगावे लागले नाही की, रिकाम्या हातांनी घेतलेली शपथ फार काळ टिकत नाही. चळवळ अल्पजीवी ठरली आणि तिच्याबरोबर ही समजूतही मागे पडली.

यानंतर प्रश्न वैद्यांच्या हाती गेला. न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन येथे मद्यासक्तांसाठी उभारलेले रुग्णालय १८६४ साली उघडले. परंतु १८७९ पर्यंत त्याचे मनोरुग्णालयात रूपांतर झाले. अशा संस्थांत एकांत, शिस्त व नियमित दिनक्रम यांवर भर असे. रुग्ण घरी परतल्यावर त्याच्या उपजीविकेचे काय होते, हा प्रश्न संस्थेच्या कक्षेबाहेरचा समजला जाई.

अफू व तिच्यापासून होणाऱ्या मॉर्फीन-हेरॉइनसारख्या द्रव्यांच्या बाबतीत १९१४ चा हॅरिसन कायदा निर्णायक ठरला. १९१९ साली सर्वोच्च न्यायालयाने, केवळ व्यसन चालू ठेवण्यासाठी डॉक्टरने औषध लिहून देणे हा वैद्यकीय व्यवहार नव्हे, असा अर्थ लावला. काही शहरांनी व्यसनासक्तांसाठी काढलेले दवाखानेही पुढील काही वर्षांत बंद पडले. या घटनांचा आर्थिक अर्थ असा की, डॉक्टरकडून औषध घेऊन आपली नोकरी वा धंदा सांभाळणाऱ्या माणसाला यापुढे तेच द्रव्य चोरट्या बाजारात, चोरट्या भावाने मिळवावे लागले. मजुरीच्या उत्पन्नात ते बसेना. व्यसन आणि बेकारी यांची जी सांगड पुढे स्वाभाविक वाटू लागली, तिचा बराचसा भाग असा कायद्यातून घडला होता.

३. लेक्सिंग्टन : भिंतींच्या आतील श्रम

नव्या कायद्याखाली शिक्षा झालेल्या व्यसनासक्तांनी संघराज्याचे तुरुंग भरून गेले. त्यांवर उपाय म्हणून पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी स्टीफन पोर्टर यांनी मांडलेला कायदा १९२९ साली संमत झाला. त्याअन्वये दोन ‘नार्कोटिक फार्म’ उभारण्याचे ठरले. पहिला लेक्सिंग्टनजवळ मे १९३५ मध्ये आणि दुसरा टेक्सास राज्यात फोर्ट वर्थ येथे १९३८ साली सुरू झाला. लेक्सिंग्टनची इमारत सुमारे दीड हजार रुग्णांसाठी बांधलेली असून तिच्याभोवती हजार एकरांच्या घरात शेतजमीन होती. शिक्षा भोगणारे कैदी आणि स्वेच्छेने दाखल झालेले रुग्ण एकाच छपराखाली राहत. ही संस्था सार्वजनिक आरोग्य खात्याकडे होती व तिचे पहिले प्रमुख डॉ. लॉरेन्स कोल्ब हे होते. संस्थेचे नाव पुढे बदलून रुग्णालय असे करण्यात आले. तथापि लोकांच्या तोंडी ‘फार्म’ हाच शब्द राहिला.

‘शेत’ हे नाव केवळ अलंकारिक नव्हते. शहराच्या कोंदट वस्तीतून माणसाला उचलून मोकळ्या हवेत, जनावरांत व पिकांत ठेवले, त्याच्या अंगाला श्रमाची सवय लावली, म्हणजे त्याचे चित्त ठिकाणावर येईल, ही त्यामागील उपपत्ती होती. रुग्ण गाईंच्या धारा काढीत, डुकरे पाळीत, भाजीपाला पिकवीत. याखेरीज शिवणकाम, लाकडी सामान, छपाई व धुलाई यांचे विभाग होते. ज्या काळी बहुतेक व्यसनासक्तांच्या वाट्याला केवळ कोठडी येत असे, त्या काळी ही व्यवस्था मानवतेच्या दृष्टीने मोठी सुधारणा होती, हे मान्य केले पाहिजे.

परंतु या श्रमाचे स्वरूप नीट पाहिले असता त्यातील उणीव ध्यानी येते. लेक्सिंग्टनला येणाऱ्या रुग्णांपैकी फार मोठा वर्ग न्यूयॉर्क, शिकागो यांसारख्या महानगरांतून येत असे आणि तेथेच परत जाई. गाईची धार काढण्याचे कौशल्य हार्लेमच्या रस्त्यावर उपयोगाचे नव्हते. शिवणकाम वा छपाई यांना शहरांत मागणी होती. परंतु तेथील कारखानदाराला ‘हे काम कोठे शिकलास?’ या प्रश्नाचे उत्तर देताच मिळू पाहणारी नोकरी हातची जाई. हजार-बाराशे किलोमीटर अंतरावरच्या शहरात रुग्णाची वाट पाहणारा मालक, मुकादम किंवा सल्लागार कोणी नव्हता. श्रम भिंतींच्या आत सुरू होई व भिंतींच्या आतच संपे.

याच संस्थेतील एका प्रकाराचा उल्लेख येथे टाळता येणार नाही. लेक्सिंग्टनच्या आवारात व्यसनविषयक संशोधनाचे केंद्र होते. तेथील कैदी नव्या औषधांच्या प्रयोगांसाठी आपली शरीरे देत आणि मोबदला म्हणून त्यांना शिक्षेत सूट अथवा खुद्द मादक द्रव्यच मिळे. १९७५ साली सेनेटच्या समितीपुढे हे सविस्तर उघड झाले. ज्या संस्थेचे ध्येय माणसाला प्रामाणिक श्रमाची वाट दाखविणे हे होते, तिच्याच आवारात एका प्रकारच्या श्रमाची मजुरी व्यसनाच्या द्रव्यात चुकती होत होती. व्यसनमुक्ताच्या श्रमाचा लाभ नेमका कोणाला, हा प्रश्न पुढील प्रत्येक प्रयोगाला लागू पडतो. त्याचे सर्वांत बोचरे रूप येथे दिसते.

४. दाराबाहेर : बंद झालेले धंदे

लेक्सिंग्टनहून १९५२ ते १९५५ या काळात न्यूयॉर्कला परतलेल्या सुमारे एकोणीसशे रुग्णांचा मागोवा घेणारे संशोधन १९६२ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळले होते, आणि तेही बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांतच. या आकड्याने ‘एकदा व्यसनी तो कायमचा व्यसनी’ ही लोकसमजूत शास्त्राच्या मुद्रेने पक्की केली.

तथापि डॉ. जॉर्ज व्हॅलंट यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेले अन्वेषण याहून वेगळे सांगते. १९५२ च्या सुमारास लेक्सिंग्टनला दाखल झालेल्या न्यूयॉर्कच्या शंभर पुरुषांचा त्यांनी बारा वर्षे माग ठेवला. जवळजवळ सर्वच जण प्रथम पुन्हा व्यसनात पडले. पण बारा वर्षांच्या अखेरीस त्यांतील जवळजवळ निम्मे व्यसनापासून दूर होते. रुग्णालयातील अल्पकाळाच्या वास्तव्याचा परिणाम नगण्य दिसला. उलट सुटकेनंतर दीर्घकाळ पॅरोलवर राहिलेल्यांची स्थिती लक्षणीय चांगली होती. पॅरोलच्या अटींत नोकरी टिकविणे ही एक मुख्य अट असे. व्यसनापूर्वी ज्यांनी एखादे काम स्थिरपणे केले होते, तेही अधिक संख्येने सावरले. यावरून काम हेच औषध ठरले, असे अनुमान काढणे घाईचे होईल. कारण नोकरी टिकविणारा माणूस मुळातच अधिक सावरलेला असू शकतो. कार्य व कारण यांचा हा गुंता सोडविण्यास पुढे वेगळ्या पद्धतीच्या प्रयोगाची आवश्यकता भासली.

तोवर शहरांची दारे कशी बंद होती, याचे उत्तम उदाहरण न्यूयॉर्कच्या संगीतव्यवसायात सापडते. १९४० पासून त्या शहरात, जेथे मद्य विकले जाते अशा करमणुकीच्या ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांकडून ‘कॅबरे कार्ड’ घ्यावे लागे. मादक द्रव्यांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला ते नाकारले जाई. गायिका बिली हॉलिडे यांनी १९४७ साली झालेली शिक्षा वेस्ट व्हर्जिनियातील कारागृहात भोगली. सुटून आल्यावर मार्च १९४८ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी गर्दीने भरलेल्या सभागृहापुढे गायन केले. परंतु त्याच शहरातील क्लबांत, जेथे जॅझ गायकाची रोजची मिळकत होत असे, तेथे गाण्यास त्यांना मज्जाव होता. पियानोवादक थेलोनियस मंक यांचे कार्ड १९५१ साली गेले आणि १९५७ साली परत मिळाले. मधली सहा वर्षे आपल्याच शहरातील क्लबांत त्यांना वाजविता आले नाही. शिक्षा न्यायालयाने दिली व ती भोगून संपली. धंद्यावरील बंदी मात्र पोलीस कचेरीच्या एका नियमाने चालूच राहिली. ही पद्धत १९६७ साली रद्द झाली.

याच व्यवसायातील सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांचे उदाहरण प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. १९५५ साली लेक्सिंग्टन येथे उपचार घेऊन बाहेर पडल्यावर ते शिकागो येथे राहिले आणि काही महिने झाडलोट व हमाली यांसारखी कामे करीत राहिले. वाद्य त्यांनी सोडले नव्हते. पण क्लबांकडे परतण्यापूर्वी स्वतःची परीक्षा पाहणे त्यांना आवश्यक वाटले. वर्षअखेरीस ते क्लिफर्ड ब्राउन व मॅक्स रोच यांच्या पथकात सामील झाले व त्यांच्या कारकिर्दीचा महत्त्वाचा काळ सुरू झाला. कोणत्याही व्यवसायमार्गदर्शकाने सांगितले नसताना त्यांनी जे ओळखले ते असे की, काही माणसांच्या बाबतीत जुना धंदा हीच जोखमीची जागा असते, आणि मधल्या काळासाठी एखादे साधे, अनोळखी काम हाती असणे आवश्यक ठरते. असे मधले काम मिळणे हे मात्र येथे केवळ व्यक्तीच्या विवेकावर व दैवावर सोपविलेले होते.

५. व्यसनमुक्तांच्या वसाहती

बाहेरची दारे बंद असतील तर आतच एक जग उभारावे, असा विचार १९५८ साली कॅलिफोर्नियात चार्ल्स डिडरिच यांनी स्थापिलेल्या ‘सिनॅनॉन’ या संस्थेत दिसतो. येथे डॉक्टर नव्हते. व्यसनातून उठलेली माणसेच एकमेकांना सावरीत. नवागताने प्रथम भांडी घासावीत, झाडलोट करावी, आणि विश्वास मिळेल तसतसे वरच्या कामावर जावे, असा क्रम होता. याच धर्तीवर १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये ‘डेटॉप’ सुरू झाली आणि पुढे अशा वसाहतींची परंपराच निर्माण झाली.

या परंपरेने एक नवा व्यवसाय जन्मास घातला. पूर्वी व्यसनी असणे ही जेथे अपात्रता नसून पात्रता मानली जाते, असे एकच काम होते, आणि ते म्हणजे व्यसनमुक्तीच्या समुपदेशकाचे. अनेकांना त्यातून सन्मानाची उपजीविका लाभली. तथापि एखाद्या रोगातून उठलेल्या सर्वांनी त्याच रोगाच्या रुग्णालयात नोकरी धरावी, हा समाजाने शोधलेला उपाय म्हणता येत नाही. उरलेल्या सर्व धंद्यांनी दार लावून घेतल्याची ती खूण होय.

सिनॅनॉनने तर परतीची कल्पनाच हळूहळू सोडून दिली. सदस्यांनी आजन्म आतच राहावे व संस्थेच्या उद्योगांत श्रम करावेत, अशी तिची धारणा बनली. जाहिरातीच्या भेटवस्तूंच्या व्यापारातून संस्थेस मोठे उत्पन्न मिळू लागले. सत्ता एका हाती एकवटली, हिंसाचार वाढला, आणि १९७८ साली विरोधी पक्षाच्या वकिलाच्या टपालपेटीत विषारी साप ठेवण्यापर्यंत मजल गेली. १९९१ साली संस्था विसर्जित झाली. याच्या उलट, सिनॅनॉनमध्ये राहून आलेले जॉन माहेर यांनी १९७१ साली सॅन फ्रॅन्सिस्को येथे स्थापिलेली आणि पुढे मिमी सिल्बर्ट यांनी वाढविलेली ‘डिलॅन्सी स्ट्रीट’ ही संस्था टिकून राहिली. येथेही रहिवाशांना पगार नसतो व संस्थेचा खर्च तिच्याच उद्योगांतून चालतो; परंतु सामान हलविण्याचा धंदा, उपाहारगृह यांसारखी ही कामे शहराच्या उघड्या बाजारात, सामान्य गिऱ्हाइकांपुढे केली जातात, आणि बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येकाने बाजारात चालतील अशी कौशल्ये शिकावीत असा दंडक आहे. दोन्ही ठिकाणी श्रम विनावेतन होते. फरक होता तो श्रमाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, यात. एका संस्थेत श्रम माणसाला आत बांधून ठेवीत होते, तर दुसरीत ते त्याला दाराकडे नेत होते.

६. मेथॅडोन आणि ‘आधारयुक्त काम’

१९६० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हेरॉइनचा प्रसार वाढला, तेव्हा उपचाराची एक वेगळी पद्धत पुढे आली. चयापचयाचे अभ्यासक डॉ. व्हिन्सेंट डोल आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. मारी निस्वांडर यांनी १९६४ पासून रुग्णांना मेथॅडोन हे औषध तोंडावाटे रोज ठरावीक प्रमाणात देण्यास आरंभ केला. निस्वांडर यांनी तरुणपणी लेक्सिंग्टन येथे काम केले होते व तेथील अपयश जवळून पाहिले होते. पहिल्या बावीस रुग्णांचा वृत्तांत १९६५ साली प्रसिद्ध झाला. मॉर्फीनवर असताना पुढच्या सुईची वाट पाहत बसणारे रुग्ण मेथॅडोनवर आल्यावर बदलले; अगदी प्रथमच्या दोघांपैकी एक चित्रे काढू लागला आणि दुसरा राहिलेले शालेय शिक्षण पुरे करण्याची परवानगी मागू लागला. रुग्ण कामावर जातो की नाही, शाळेत जातो की नाही, ही यशाची मापे या वृत्तांताने पुढे आणली.

परंतु रुग्ण काम करण्यास समर्थ होणे आणि त्याला काम मिळणे, या दोन भिन्न गोष्टी ठरल्या. वयाच्या तिशीत असलेल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या, तुरुंगाची नोंद असलेल्या आणि सुरुवातीस रोज दवाखान्यात हजेरी लावावी लागणाऱ्या माणसाला कोण नोकरी देणार? या अडचणीवर न्यूयॉर्कच्या व्हेरा संस्थेने एक उपाय योजला आणि १९७२ साली ‘वाइल्डकॅट सर्व्हिस कॉर्पोरेशन’ स्थापन झाली. व्यसनमुक्तांच्या लहान तुकड्या करून त्यांना इमारतींची सफाई, रंगकाम, सार्वजनिक कार्यालयांतील मदत अशी शहराच्या उपयोगाची कामे देण्यात येत. त्यांच्या वेतनाचा काही भाग, अन्यथा त्यांना घरबसल्या मिळणारे सरकारी निर्वाहसाहाय्य वळवून उभा केला जाई. बेकारीचा पैसा मजुरीचा पैसा व्हावा, ही त्यातील अभिनव कल्पना होती.

या अनुभवाच्या पायावर देशव्यापी प्रयोग उभा राहिला. फोर्ड प्रतिष्ठान व संघराज्याची काही खाती यांच्या साहाय्याने १९७४ साली स्थापन झालेल्या मनुष्यबळविषयक संशोधन-मंडळाने १९७५ ते १९७९ या काळात ‘आधारयुक्त काम’ या नावाने तो चालविला. त्यात चार प्रकारची माणसे घेतली होती : दीर्घकाळ सरकारी साहाय्यावर असलेल्या माता, तुरुंगातून सुटलेले, शाळा सोडलेले तरुण आणि उपचार घेतलेले व्यसनमुक्त. व्यसनमुक्तांच्या गटाचे निरीक्षण शिकागो, जर्सी सिटी, ओकलंड व फिलाडेल्फिया या चार शहरांत झाले. पद्धतीची सूत्रे तीन होती. सारख्याच अवस्थेतून आलेल्यांच्या तुकडीत काम द्यावयाचे. मुकादमाने जवळून देखरेख ठेवावयाची. आणि कामाचा ताण पायरीपायरीने वाढवीत न्यावयाचा, म्हणजे आरंभी उशिरा येणाऱ्याला सांभाळून घ्यावयाचे, व अखेरच्या महिन्यांत बाजारातील मालकाइतकेच कडक व्हावयाचे. बारा ते अठरा महिन्यांनंतर प्रत्येकाने बाहेर नोकरी शोधली पाहिजे, अशी मुदत होती.

प्रयोगाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या परीक्षणात होते. पात्र अर्जदारांपैकी कोणाला काम द्यावयाचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निव्वळ योगायोगाने ठरविले गेले व उरलेल्यांशी त्यांची तुलना केली गेली. सर्व गट मिळून सहा हजार सहाशेहून अधिक माणसे या निरीक्षणात होती. व्हॅलंट यांच्या संशोधनातील कार्यकारणाचा गुंता, म्हणजे काम माणसाला सावरते की सावरलेला माणूसच काम टिकवितो, तो अशा रीतीने प्रथमच मोठ्या प्रमाणावर सोडविण्याचा यत्न झाला. हीच आकडेवारी पुढे, १९८६ साली रॉबर्ट लालोंद यांच्या निबंधामुळे, अर्थमितीच्या पद्धती तपासण्याची कसोटी म्हणून अर्थशास्त्रज्ञांच्या परिचयाची झाली. तीमधील काही माणसे हेरॉइनमधून उठलेली होती, याचा मात्र क्वचितच उल्लेख होतो.

निष्कर्ष संमिश्र होते. मुदत संपताच व्यसनमुक्तांच्या रोजगारातील आघाडी ओसरली. काही काळाने, निरीक्षणाच्या अखेरच्या महिन्यांत, ती पुन्हा दिसू लागली. मादक द्रव्यांच्या सेवनात दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही. अटकेच्या बाबतीत मात्र फरक मोठा होता. छत्तीस महिन्यांच्या काळात तुलनेच्या गटातील ५३ टक्के लोकांना अटक झाली. काम मिळालेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. याचा अर्थ असा की, काम हे व्यसनावरचे औषध ठरले नाही. पण व्यसनाने ज्या जीवनक्रमात माणसाला ढकलले होते, त्यातून बाहेर पडण्याची वाट त्याने दिली. लेक्सिंग्टनच्या संस्थापकांची श्रमाकडून औषधाची अपेक्षा होती. ती चुकीच्या ठिकाणी ठेवलेली होती, हे या आकड्यांवरून उमगते. औषधाचे काम वैद्यकाने करावे. मजुरीने माणसाला नागरिक म्हणून उभे करावे.

७. बीझर खटला

हे प्रयोग चालू असतानाच, सामान्य मालकाचे दार व्यसनमुक्तासाठी उघडे आहे काय, हा प्रश्न न्यायालयापुढे आला. न्यूयॉर्क शहराची भुयारी रेल्वे व बस चालविणारे वाहतूक प्राधिकरण मेथॅडोन घेणाऱ्या कोणासही नोकरीत ठेवीत नसे. प्राधिकरणाचे नोकर सुमारे ४७,००० होते. गाडी चालविणारे व विजेच्या वाहिन्यांपाशी काम करणारे यांत मोठ्या संख्येने असले, तरी सफाई, देखभाल व कारकुनी ही कामेही त्यांत होती. या सर्वांना एकच नियम लागू होता. मेथॅडोनवर असल्याचे आढळताच काढून टाकलेले नोकर व त्याच कारणाने नाकारलेले उमेदवार यांनी दावा लावला. शहरात त्या वेळी मेथॅडोनचे उपचार घेणारे सुमारे चाळीस हजार लोक होते.

खालच्या न्यायालयाने पुरावा तपासून, वर्षभर उपचारात स्थिरावलेल्यांपैकी बहुसंख्य लोक अनेक कामांस पात्र असतात, असा निष्कर्ष काढला व सरसकट बंदी घटनाबाह्य ठरविली. अपील न्यायालयाने हा निकाल कायम केला. मार्च १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो फिरविला. नियम कदाचित शहाणपणाचा नसेल. परंतु प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पारख करण्याऐवजी सरसकट नियम करणे हे मालकाच्या सोयीच्या दृष्टीने समर्थनीय असून त्याने समतेच्या तत्त्वाचा भंग होत नाही, असे बहुमताचे मत पडले. न्यायमूर्ती व्हाइट यांच्यासह काही न्यायमूर्तींनी भिन्नमत नोंदविले.

आधारयुक्त कामाचा प्रयोग आणि हा निकाल यांचे साल एकच आहे. एकीकडे सार्वजनिक पैशाने माणसाला दीड वर्ष कामाची सवय लावली जात होती. दुसरीकडे शहरातील अतिशय मोठ्या सार्वजनिक मालकांपैकी एकाला त्याच माणसाचा अर्ज न वाचता बाजूला ठेवण्याची मुभा मिळत होती. रुग्णाची तयारी पुरी झाली तरी दाराची कडी आतून लावलेली असेल, तर त्या तयारीचे फळ त्याला मिळत नाही. व्यवसायमार्गदर्शनाच्या सर्व योजनांची मर्यादा या निकालाने उघड केली; कारण त्या केवळ उमेदवाराला घडवितात, मालकाला नव्हे.

८. उपसंहार

१९७९ नंतरच्या घडामोडींचा येथे केवळ निर्देश शक्य आहे. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने, बेकायदा द्रव्यांचे सेवन सोडून सावरलेल्या माणसास नोकरीतील भेदभावाविरुद्ध काही संरक्षण दिले. सेवन चालू असणाऱ्यास ते नाकारले. बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात केनेथ सिल्व्हरमन यांनी रोजचा वेतनाचा दिवस हा त्या दिवशीच्या व्यसनमुक्त तपासणीशी जोडून पाहिला, आणि त्या काळापुरता सेवनावर अनुकूल परिणाम दाखविला. मनोरुग्णांसाठी विकसित झालेली, ‘आधी नोकरी, शिक्षण नोकरीतच’ या तत्त्वावरील पद्धतही पुढे व्यसनोपचारात वापरून पाहिली गेली. या सर्वांत मागील चव्वेचाळीस वर्षांतील वादच नव्या रूपाने चालू राहिलेले दिसतात.

या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, व्यसनमुक्ताचे काम हे उपचाराच्या पोटात सामावून जात नाही, आणि उपचारानंतर आपोआप उगवतही नाही. त्यासाठी स्वतंत्र तरतूद, स्वतंत्र पैसा व स्वतंत्र कायदा लागतो. लेक्सिंग्टनजवळ कायदा व पैसा होता, पण त्याचे काम शहरापर्यंत पोहोचले नाही. वाइल्डकॅटने शहरात काम दिले, पण मालकांना बांधणारा कायदा तिच्या पाठीशी नव्हता. दुसरी गोष्ट इतिहाससाधनांसंबंधी आहे. या विषयाची कागदपत्रे संस्थांनी आपापल्या मापांनी निर्माण केलेली आहेत. एका काळाने पुन्हा व्यसनात पडलेल्यांची गणती केली, दुसऱ्याने लघवीच्या तपासण्यांची, तिसऱ्याने अटकांची. कोणाला किती मजुरी मिळाली, ती किती वर्षे टिकली आणि तिच्यावर कोणाचे घर चालले, याची नोंद फार थोड्यांनी ठेवली. नव्वद टक्क्यांच्या अपयशाचा जो आकडा पिढ्यानपिढ्या उद्धृत होत आला, तो अशा मोजणीतून आलेला आहे. तो वाचताना, मोजणाऱ्याने त्या माणसांना सुटल्यानंतर काम होते की नव्हते हे विचारले होते काय, हे तपासणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.